जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर घेताना: भरवशाचं कॅप्चर सॉफ्टवेअर कसं निवडायचं

व्हीएचएस कॅसेट वाजवणारा नवा व्हीसीआर आता कुठेही तयार होत नाही. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं आणि व्हीसीआर बनवणारी ती शेवटचीच कंपनी होती. आज जी यंत्रं चालू आहेत त्यांचे हेड झिजत जाणार, रबरी पट्टे सैल होत जाणार, आणि कॅसेटही दर वर्षी जुनी होत जाणार. एखादी बुरशी लागलेली किंवा चुरगळलेली टेप तर एकदाच धड वाजते. त्या एका वेळी संगणकाने काय टिपलं, एवढंच पुढे शिल्लक राहतं. म्हणून कॅप्चरच्या सॉफ्टवेअरचा निर्णय कॅसेट यंत्रात घालण्याआधी, शांतपणे घ्यायचा असतो.

या कामात नवीन असलेले जवळजवळ सगळे विचारतात, ‘सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?’ याऐवजी असं विचारा: कॅप्चर चालू असताना एखादी फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक चित्र, हुकली, आवाज सरकला, चित्र कापलं गेलं, तर कोणतं सॉफ्टवेअर मला ते सांगेल? चुका सगळीकडेच होतात, कारण जुन्या टेपचा सिग्नलच डळमळीत असतो. पण काही सॉफ्टवेअर हुकलेल्या फ्रेमचा आकडा डोळ्यांसमोर ठेवतात, आणि काही तिथे आधीची फ्रेम चिकटवून गप्प बसतात. दुसऱ्या प्रकारात चूक महिन्यांनी कळते, आणि तोवर टेप पुन्हा वाजण्याच्या स्थितीत असेलच असं नाही.

आधी सिग्नलबद्दल थोडं

पाल या भारतातल्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम आणि ६२५ ओळी असतात, त्यातल्या ५७६ ओळींत चित्र असतं. एनटीएससी या अमेरिका-जपानमधल्या पद्धतीत सेकंदाला २९.९७ फ्रेम आणि ५२५ ओळी, त्यातल्या साधारण ४८० कामाच्या. दोन्हींत चित्र इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन फील्ड: एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. ही दोन फील्ड वेगवेगळ्या क्षणी टिपलेली असतात, त्यामुळे पाल टेपवर प्रत्यक्षात सेकंदाला ५० क्षण नोंदलेले आहेत. सॉफ्टवेअरने कॅप्चर करतानाच दोन फील्ड एकमेकांत मिसळली किंवा एक टाकून दिलं, तर निम्मी हालचाल कायमची गेली. हलणारा हात, धावणारं मूल, फिरता कॅमेरा, सगळं अडखळत दिसू लागतं.

रिझोल्यूशनचंही असंच. व्हीएचएसचं आडवं रिझोल्यूशन जेमतेम २४० टीव्ही लाईनचं. ते १०८० मध्ये कॅप्चर केल्याने एकही नवा तपशील मिळत नाही, उलट सम-विषम ओळींचा मेळ बिघडतो. पालसाठी ७२० बाय ५७६ आणि एनटीएससीसाठी ७२० बाय ४८० एवढंच घ्यायचं. ‘फुल एचडीमध्ये रूपांतर’ अशी जाहिरात करणारे एचडीएमआय कन्व्हर्टर डब्बे याच कारणाने मी कुणालाही सुचवत नाही. तो डब्बा चित्र आतच ताणतो, फील्ड आतच मिसळतो आणि नंतर ते मागे फिरवता येत नाही.

पायरी १: तुमच्या डोंगलमध्ये कोणती चिप आहे ते बघा

सॉफ्टवेअर निवडताना खरी मर्यादा बहुतेक वेळा ड्रायव्हरची असते. बाजारात एकाच नावाने, एकाच रंगाच्या डब्यात विकल्या जाणाऱ्या, व्हीसीआरचा सिग्नल संगणकात आणणाऱ्या स्वस्त यूएसबी डोंगलच्या आत वेगवेगळ्या चिप निघतात. कुणाच्या आत सिंटेकची एसटीके११६०, कुणात यूटीव्ही००७, कुणात एम्पियाची. बाहेरून काहीच कळत नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, डोंगलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ खाली हार्डवेअर आयडी बघा, आणि त्यातल्या व्हीआयडी व पीआयडीनंतरच्या अक्षरांवरून चिप शोधा. त्याच चिपचा ड्रायव्हर घ्या, डब्यावरचं नाव बघून नको.

विंडोज ११ मध्ये आणखी एक अडचण येते. ‘मेमरी इंटिग्रिटी’ हे संरक्षण चालू असेल तर काही जुने ड्रायव्हर लोडच होत नाहीत. ते संरक्षण बंद करून रोजच्या कामाचा संगणक उघडा टाकण्यापेक्षा, पडून असलेला जुना विंडोज ७ चा संगणक इंटरनेट न जोडता फक्त कॅप्चरसाठी ठेवणं मला जास्त पटतं. या कामाला ताकदवान प्रोसेसर लागत नाही.

लिनक्सवर उलट सुखद अनुभव येतो. एसटीके११६०, ईएम२८एक्सएक्स आणि यूएसबीटीव्ही हे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात, त्यामुळे ओळखीच्या चिपचं डोंगल खोचलं की बहुधा लगेच दिसतं. मॅकवर परिस्थिती सगळ्यात अवघड आहे, कारण बहुतेक स्वस्त डोंगलचे ड्रायव्हर मॅकसाठी नाहीतच. तिथे मॅकला चालतं असं लिहिलेलं उपकरणच घ्यावं लागतं.

पायरी २: सॉफ्टवेअरकडून काय हवं ते ठरवा

माझ्या लेखी पहिली आणि न टाळता येणारी अट म्हणजे हुकलेल्या आणि घुसवलेल्या फ्रेमचे वेगवेगळे आकडे कॅप्चर चालू असतानाच दिसले पाहिजेत. काही क्षण चित्रच आलं नाही तर सॉफ्टवेअर एक तर ती जागा मोकळी सोडतं, किंवा वेळ जुळवण्यासाठी आधीची फ्रेम पुन्हा लिहितं. दोन्ही चालेल, पण कळलं पाहिजे. पाल टेपवर एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. पंचवीस फ्रेम गेल्या आणि त्यांची भरपाई झाली नाही तर आवाज आणि ओठ यांच्यात एका सेकंदाचं अंतर पडतं.

दुसरी अट लॉसलेस कोडेकची, म्हणजे काहीही न गमावता व्हिडिओ लहान करून लिहिणाऱ्या पद्धतीची. हफवाययूव्ही, लॅगरिथ, यूटी व्हिडिओ, एफएफव्ही१ यांपैकी एखादा कोडेक आणि ४:२:२ रंग (४:२:० पेक्षा रंगाचा जास्त तपशील ठेवणारा), ज्याला मेनूत बहुधा वाययूवाय२ म्हटलेलं असतं. काहीही न दाबता थेट लिहिलं तर ७२० बाय ५७६ च्या चित्राला सेकंदाला सुमारे २०.७ मेगाबाइट लागतात, तासाला जवळजवळ ७५ जीबी. एनटीएससीचं गणित केलं तरी आकडा तेवढाच येतो, ओळी कमी आणि फ्रेम जास्त. लॉसलेस कोडेकने हे तासाला साधारण २५ ते ४० जीबीवर येतं, आणि एकही पिक्सेल बदलत नाही. एच.२६४ मध्ये थेट कॅप्चर केलं तर फाईल इवलीशी होते खरी, पण टेपवरची खरखर हा त्या कोडेकचा शत्रू आहे. सगळे बिट तो खरखर लिहिण्यात खर्च करतो आणि चेहरे मात्र चौकटी-चौकटींचे होतात.

तिसरी अट म्हणजे आवाज दाबलेला नको. पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ. तो शक्यतो त्याच डोंगलमधून यावा, संगणकाच्या साउंड कार्डमधून नको. चित्राचं घड्याळ एका क्रिस्टलवर आणि आवाजाचं दुसऱ्यावर चाललं की त्यांच्यात दहा हजारांत एक एवढा फरक असला तरी तासाभरात ०.३६ सेकंदांचं अंतर पडतं. पालच्या हिशेबाने ९ फ्रेम. बोलणाऱ्या माणसाचा चेहरा जवळून दिसत असेल तर एवढं सहज खटकतं.

याशिवाय सॉफ्टवेअरने ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट कॅप्चरआधी बदलू द्यावा, आणि उजेडाची पातळी दाखवणारा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम किंवा वेव्हफॉर्म, असेल तर फारच उत्तम. यादीतल्या बाकीच्या गोष्टी, म्हणजे आपोआप सीन ओळखणं, टायटल, संगीत, डीव्हीडी मेनू, एका बटणात शेअर करणं, यांच्याकडे या टप्प्यावर बघूही नका. ज्या सॉफ्टवेअरची जाहिरात यांवरच भर देते, त्यात मला हवे ते आकडे सहसा नसतात.

पायरी ३: प्रत्यक्ष पर्याय

विंडोजवर सुरुवात व्हर्च्युअलडबपासून करा. एव्हरी ली यांनी लिहिलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. शेवटची १.१०.४ ही आवृत्ती २०१३ मधली, तरी या कामात अनेक अनुभवी मंडळी आजही तेच वापरतात, काही तर त्याहून जुनी १.९.११. याचं कारण पडद्यावर दिसतं. फाईल मेनूतून ‘कॅप्चर एव्हीआय’ मध्ये गेलात की उजव्या बाजूला एक अरुंद पट्टी उघडते: किती फ्रेम टिपल्या, किती ड्रॉप झाल्या म्हणजे हुकल्या, किती इन्सर्ट केल्या म्हणजे घुसवल्या, आवाज किती ताणावा लागतोय, डिस्कवर किती वेगाने लिहिलं जातंय. दिसायला रुक्ष, पण कॅप्चर चालू असताना टेपचं काय चाललंय ते या पट्टीवर वाचता येतं. निरोगी टेपवर ड्रॉपचा आकडा शून्यावर बसून राहतो. दोन चित्रीकरणांच्या मधली मोकळी जागा आली की इन्सर्टचा आकडा दोन-चारने सरकतो आणि पुन्हा थांबतो. हा आकडा सलग, ठराविक अंतराने वाढत राहिला तर दोष टेपचा नसून मांडणीचा आहे, असं समजून कॅप्चर थांबवावं.

एक लक्षात ठेवा. व्हर्च्युअलडबची ३२ बिट आवृत्ती वापरत असाल तर कोडेकही ३२ बिटच लागतो, नाहीतर यादीत हफवाययूव्ही दिसणारच नाही. हा घोळ नको असेल तर व्हर्च्युअलडब२ ही नंतरच्या काळातली, दुसऱ्याने पुढे नेलेली आवृत्ती आहे. तिच्यात हफवाययूव्ही आणि एफएफव्ही१ आधीच भरलेले असतात. दोन्ही आपापल्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या. मोफत सॉफ्टवेअरच्या नावाने भलतंच काही चिकटवून देणारी संकेतस्थळं भरपूर आहेत.

व्हर्च्युअलडबशी काही डोंगलचं पटत नाही. प्रिव्ह्यू काळा राहतो किंवा आवाज तुटतो. अशा वेळी अमारेकटीव्ही हे जपानी सॉफ्टवेअर बघा. मेनू विचित्र आहेत, सवय होईपर्यंत त्रास होतो, पण हुकलेल्या फ्रेमची नोंद तेही दाखवतं. कोडेकच्या जागी यूटी व्हिडिओ किंवा हफवाययूव्ही निवडायचा.

ओबीएस स्टुडिओबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण सगळीकडे त्याचीच शिफारस ऐकू येते. थेट प्रक्षेपणासाठी ते उत्तम आहे. पण त्याची रचनाच अशी की ते स्वतःच्या घड्याळावर स्वतःचा कॅनव्हास रंगवत राहतं आणि तो रेकॉर्ड करतं. डोंगलकडून एखादी फ्रेम आली नाही तर कॅनव्हासवर आधीचीच राहते, आणि कुठलाही आकडा वाढत नाही. त्याच्या आकडेवारीत जी हुकलेली फ्रेम दिसते ती ओबीएसला स्वतःला रंगवायला किंवा एन्कोड करायला जमली नाही ती, टेपवरून आलीच नाही ती नव्हे. शिवाय मूळ सेटिंग बहुधा १०८० कॅनव्हास, सेकंदाला ६० फ्रेम आणि ४:२:० रंग अशी असते, म्हणजे इंटरलेस्ड टेपसाठी तिन्ही गोष्टी चुकीच्या. तरीही मॅकवर किंवा घाईत ओबीएसशिवाय इलाज नसेल, तर पालसाठी कॅनव्हास आणि आउटपुट दोन्ही ७२० बाय ५७६ करा, सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, व्हिडिओ सोर्सवर उजवं क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवण्याच्या सोयीत) ‘याडिफ २एक्स’ निवडा आणि रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये करा. मधेच वीज गेली तर साध्या एमपी४ ची पूर्ण फाईल हातची जाऊ शकते, एमकेव्हीचा तोपर्यंतचा भाग वाचतो. घरात बघण्यापुरतं हे चांगलं काम देतं. जपून ठेवायची मूळ प्रत म्हणून मी ते धरणार नाही.

डोंगलसोबत सीडीवर येणारी सॉफ्टवेअर बहुतेक डीव्हीडीच्या काळातली, एमपेग-२ लिहिणारी. हुकलेल्या फ्रेमचा आकडा त्यांत क्वचितच असतो. एल्गाटो व्हिडिओ कॅप्चरसोबतचं सॉफ्टवेअर नवख्यांना सगळ्यात सोपं वाटतं, पण ते ४:३ चित्र ६४० बाय ४८० च्या एच.२६४ मध्येच घेतं. पालच्या ५७६ ओळी ४८० मध्ये कोंबल्या जातात, हे माहीत असूनच निवड करावी.

मॅक आणि लिनक्सवर गंभीरपणे काम करायचं असेल तर व्हीरेकॉर्ड बघा. चलचित्र अभिलेखागारांत काम करणाऱ्या लोकांनी एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या मोफत व्हिडिओ-साधनाच्या आधारे घडवलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर प्रामुख्याने ब्लॅकमॅजिक या कंपनीच्या कॅप्चर उपकरणांसाठी आहे. वेव्हफॉर्म आणि रंगांचा आलेख दाखवणारा व्हेक्टरस्कोप चित्राशेजारीच दिसतात, थेट एफएफव्ही१ मध्ये लिहिता येतं आणि प्रत्येक कॅप्चरचा लॉग फाईलशेजारी राहतो. कमांड लिहायची सवय नसेल तर पहिला दिवस जड जाईल. लिनक्सवर साधं यूएसबी डोंगल असेल तर नुसत्या एफएफएमपेगनेही काम भागतं.

ब्लॅकमॅजिकचं स्वतःचं मीडिया एक्सप्रेस फ्रेम हुकली की कॅप्चर थांबवायची सोय देतं. हे प्रामाणिक वागणं झालं, पण या उपकरणांना स्वच्छ, स्थिर सिग्नल लागतो. व्हीसीआर थेट जोडला तर कॅप्चर दर काही मिनिटांनी थांबू शकतं. यावर उपाय पुढे येईल.

मिनीडीव्ही कॅसेट असतील तर हा सगळा खटाटोप करू नका. १९९५ मध्ये आलेली ती पद्धत मुळातच डिजिटल आहे. फायरवायर केबलने टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरवता येतो, तासाला साधारण १३ जीबी. पिवळ्या पिनेतून तिचं ॲनालॉग कॅप्चर करणं म्हणजे हातातलं चांगलं सोडून देणं.

पायरी ४: मांडणी

फाईल जिथे लिहायची ती डिस्क वेगळी ठेवा, ज्यावर विंडोज आहे ती नको. वेगाचा प्रश्न नाही, साधी हार्ड डिस्कही पुरते. पण विंडोज आपल्या डिस्कवर मधूनच काहीतरी करत बसतं आणि नेमका तेव्हा लिहिणं अडतं. बाहेरची डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नाही ना, हेही बघा. त्या पद्धतीत ४ जीबीच्या पुढे फाईल वाढतच नाही, आणि लॉसलेस कॅप्चर ती मर्यादा साधारण सात मिनिटांत गाठतं. एनटीएफएस किंवा एक्सएफएटी ठेवा. डोंगल थेट संगणकाच्या यूएसबी पोर्टला जोडा, हबला नको. स्लीप, स्क्रीन सेव्हर, क्लाउडवर फाईल चढवणारी सॉफ्टवेअर आणि व्हायरस स्कॅन तेवढ्यापुरते बंद करा.

सॉफ्टवेअरमध्ये इनपुट बरोबर निवडा: पिवळी पिन असेल तर कॉम्पोझिट, गोल चार टाचण्यांची केबल असेल तर एस-व्हिडिओ. एस-व्हिडिओ मिळत असेल तर तोच घ्या, रंग आणि उजेड वेगळ्या तारांतून येतात म्हणून कडा स्वच्छ राहतात. पडदा पूर्ण काळा दिसला तर दहापैकी नऊ वेळा इनपुट चुकलेलं असतं. चित्र कृष्णधवल आलं किंवा वर-खाली धावत राहिलं तर पाल-एनटीएससीची निवड तपासा. एनटीएससी टेप पाल व्हीसीआरवर लावली असेल तर बरीच यंत्रं पाल-६० नावाचा मिश्र सिग्नल देतात, तो पर्याय यादीत वेगळा असतो.

चित्र येतंय पण आवाज अजिबात नाही, आणि विंडोज १० किंवा ११ आहे? मग विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन डेस्कटॉप ॲपना मायक्रोफोनची परवानगी द्या. डोंगलचा आवाज विंडोजच्या लेखी मायक्रोफोनच असतो. या एका खटक्यामुळे चांगली डोंगल कचऱ्यात गेलेली आहेत.

मग पातळी लावा. टेपवरचा सगळ्यात उजेडाचा प्रसंग शोधा, खिडकीतलं ऊन, पांढरा शर्ट असं काही, आणि हिस्टोग्राम उघडा. व्हर्च्युअलडबमध्ये त्यासाठी ओव्हरले बंद करून प्रिव्ह्यू चालू करावा लागतो. व्हिडिओची नेहमीची व्याप्ती १६ ते २३५ असते. आलेख दोन्ही टोकांना लाल भागात घुसत असेल तर कॉन्ट्रास्ट आणि ब्राइटनेस हळूहळू कमी-जास्त करून आत आणा. चित्र पडद्यावर थोडं फिकं दिसलं तरी चालेल, ते नंतर गडद करता येतं. पण शर्टाच्या चुण्या पांढऱ्यात बुडाल्या तर त्या फाईलमध्ये नसतातच. आलेख बघताना चित्राभोवतीचा काळा काठ आणि तळाची फाटकी पट्टी धरू नका. ती पट्टी हेड बदलताना पडते, टीव्हीच्या चौकटीमागे ती कायम झाकलेली असायची. कॅप्चर करताना ती कापायची नाही.

पायरी ५: खरी परीक्षा

दोन मिनिटांचं कॅप्चर करून ‘चालतंय’ म्हणणं पुरेसं नाही. आवाज सरकणं दोन मिनिटांत दिसतच नाही. तासभर चालवून बघा, आणि ही चाचणी शक्य असेल तर टेपशिवाय करा. त्याची रीत अशी.

ॲनालॉग आउट असलेला कुठलाही जुना कॅमकॉर्डर घ्या. कॅसेट बाहेर काढून ठेवा, कारण कॅसेट आत असली की अनेक कॅमकॉर्डर काही मिनिटांनी आपोआप बंद होतात. बॅटरीऐवजी चार्जरवर लावा, कॅमेरा मोडमध्ये ठेवा आणि त्याची केबल डोंगलला जोडा. आता त्याच्यासमोर जे घडेल ते थेट संगणकात जाईल. कॅप्चर सुरू करा, कॅमेऱ्यासमोर हात नीट दिसतील असे धरून तीन टाळ्या वाजवा. तासाभराने पुन्हा तीन टाळ्या वाजवून कॅप्चर थांबवा. मग फाईल व्हर्च्युअलडबमध्ये उघडून एकेक फ्रेम पुढे सरकवा. तळवे भिडतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखात टोक उठतं ती जागा, यांच्यातलं अंतर सुरुवातीला किती आणि शेवटी किती, ते मोजा. अंतर दोन्हीकडे सारखं असेल, मग ते दोन फ्रेमचं असलं तरी, काळजी नको. तेवढा आवाज एकदाच सरकवला की झालं. शेवटचं अंतर सुरुवातीपेक्षा वाढलं असेल तर घड्याळं जुळत नाहीत, आणि हे सॉफ्टवेअर ती जुळवत नाही.

या चाचणीचं मोल असं की कॅमेऱ्याचा थेट सिग्नल स्थिर असतो. इथेही फ्रेम हुकत असतील तर दोष संगणक, ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअरचा. इथे सगळं शून्य आणि टेप लावली की आकडे धावायला लागतात, तर दोष टेपच्या सिग्नलचा. हा निवाडा एकदा झाला की पुढचे कितीतरी तास वाचतात. नाहीतर लोक एकामागून एक सॉफ्टवेअर बदलत बसतात आणि प्रत्येक वेळी टेप झिजवतात.

व्हर्च्युअलडबमध्ये आवाज सरकला तर ‘टायमिंग’च्या खिडकीत बघा. फ्रेम फार जवळ आल्या तर गाळायच्या का, मोकळ्या जागी घुसवायच्या का, आवाज ताणून जुळवायचा का, हे सगळं तिथे ठरतं. स्थिर सिग्नलला यातलं काही लागत नाही, डळमळीत टेपला लागतं. एका वेळी एकच खूण बदला आणि चाचणी पुन्हा करा.

दुसरी चाचणी बिनमहत्त्वाच्या टेपवर करा, जिच्यात मधे कोरी जागा आहे. व्हीसीआरच्या मेनूत सिग्नल गेला की निळा पडदा दाखवायची सोय असते, ती आधी बंद करा. निळ्यावर जाताना आणि परत येताना सिग्नल तुटतो, आणि काही सॉफ्टवेअर तिथे मरून पडतात. कोऱ्या जागेनंतरही आवाज जुळलेला राहिला तर तुमची निवड झाली.

टेपवरच फ्रेम हुकत असतील तर

टेप यंत्रातून जाताना किंचित ताणली जाते, थरथरते, त्यामुळे प्रत्येक ओळ थोडी आधी किंवा थोडी उशिरा सुरू होते. सरळ खांब वाकडा-तिकडा दिसतो तो यामुळे. हे टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र दुरुस्त करतं. काही चांगल्या एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये आणि हाय८ कॅमकॉर्डरमध्ये ते आतच असतं, मेनूत ‘टीबीसी’ शोधा. संपूर्ण फ्रेम स्थिर करणारं स्वतंत्र यंत्र दुर्मिळ आणि महाग झालंय. हौशी मंडळी त्याऐवजी पॅनासोनिकचे ईएस१० किंवा ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडतात. रेकॉर्डिंग त्यावर करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून जाऊ द्यायचा. ओळी सरळ होतात आणि ब्लॅकमॅजिकसारखं चोखंदळ उपकरणही बहुधा शांत होतं. कॅप्चर सॉफ्टवेअर हे काम करू शकत नाही, कारण सिग्नल आकड्यांत बदलून त्याच्याकडे पोचतो तोवर उशीर झालेला असतो.

पायरी ६: कॅप्चर झाल्यावर लगेच

फाईल मीडियाइन्फो या फाईलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या साधनात उघडा. ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, ४:२:२, पीसीएम ४८ किलोहर्ट्झ, हे सगळं तसंच दिसतंय का? टेपची लांबी आणि फाईलची लांबी जुळते का? मग सुरुवात, मध्य आणि शेवट बघा, ओठांकडे लक्ष ठेवून. मोठं काम असेल तर क्यूसीटूल्स हे मोफत साधन फ्रेमगणिक आलेख काढून देतं, त्यात बिघडलेली जागा चटकन सापडते. फाईलशेजारी एक साधी मजकूर फाईल ठेवा: कोणता व्हीसीआर, कोणतं डोंगल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, ड्रॉप आणि इन्सर्टचे अंतिम आकडे. व्हर्च्युअलडबची पट्टी खिडकी बंद केली की जाते, म्हणून आकडे आधी लिहून घ्या.

जपायची प्रत लॉसलेसच राहू द्या. हफवाययूव्हीतून एफएफव्ही१ मध्ये नेली तर जागा आणखी वाचते आणि काहीही हरवत नाही. एफएफव्ही१ चं स्वरूप २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ या खुल्या तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झालंय, कुणा एका कंपनीच्या मर्जीवर ते अवलंबून नाही. घरच्यांना देण्यासाठी वेगळी एच.२६४ प्रत काढा. त्यात डीइंटरलेस करून पालची सेकंदाला ५० फ्रेम ठेवा. क्यूटीजीएमसी हे एव्हीआयसिंथ या स्क्रिप्टवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवरचं साधन यात सगळ्यात सुबक काम करतं, हायब्रिडसारख्या सॉफ्टवेअरमधून ते स्क्रिप्ट न लिहिता वापरता येतं. फील्डचा क्रम मात्र तपासा: ॲनालॉग कॅप्चरमध्ये बहुधा वरचं फील्ड आधी, डीव्हीमध्ये खालचं आधी. उलटं निवडलं तर प्रत्येक हालचाल पुढे-मागे थरथरते, लगेच ओळखू येतं.

आणि कॅसेट टाकून देऊ नका. व्हीएचएस-डीकोड या मुक्त प्रकल्पात व्हीसीआरच्या हेडवरून येणारा कच्चा आरएफ सिग्नलच थेट नोंदवतात आणि चित्र, रंग, टाइम बेसची दुरुस्ती, सगळं नंतर सॉफ्टवेअरमध्ये करतात. त्यासाठी व्हीसीआर उघडून आत तार जोडावी लागते, म्हणून पहिल्याच कॅसेटसाठी मी ते सुचवणार नाही. पण आज ज्या टेपवर आकडे थांबत नाहीत, तिच्यावर फ्रेमचे आकडे लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, पूर्ण रिवाइंड करून पेटीत उभी ठेवा, आणि आधी बाकीच्या कॅसेट पूर्ण करा.